दारं धरणाऱ्या भाचीस

श्रीरामपूर,
दिवाळीनंतरचा गुरुवार

चि. सोनूस,


भाऊबीजेला तुझ्या आईनं तबक हातात घेतलं आणि नेमकं तेव्हाच तू म्हणालीस, “मामा, कंपनीचे एकशे चाळीस रेपो आवरायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. पण सोपं आहे. पायगिटहब आहे ना, चाळीस ओळींत होतं.” मग ओवाळणी, करंज्या, तुझ्या बाबांचं राजकारणावरचं भाषण, आणि विषय राहूनच गेला. परत येताना नगरपासून राहुरीपर्यंत तो माझ्या डोक्यात घोळत होता. (रस्त्याची जी अवस्था आहे त्यात झोप लागणं शक्यच नव्हतं.) फोनच करणार होतो, पण फोनवर तू ‘हो मामा, हो मामा’ म्हणतेस आणि पलीकडे कीबोर्डचा आवाज येत असतो. म्हणून पत्र.

तुझं म्हणणं खरं आहे, हे आधीच कबूल करतो. चाळीस ओळींत होतं, तीसातही होईल. त्या ओळी तुला माझ्यापेक्षा बऱ्या लिहिता येतात. त्यातल्या कुठल्या ओळीपाशी थांबायचं, एवढंच मला सांगायचंय. आणि ते सांगायला मला तुझ्या आजोबांपासून सुरुवात करावी लागेल.

आजोबा प्रवरेच्या डाव्या कालव्यावर पाटकरी होते हे तुला ठाऊक आहे, पण तू त्यांना कामावर पाहिलेलं नाहीस. जुनी सायकल, खांद्यावर टॉवेल, खिशात लांबट वही आणि पिशवीत चारीचं दार वर-खाली करायची लोखंडी किल्ली. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाळीचं पाणी, सुटलं की ते घरी फक्त जेवायला यायचे. सुट्टीत मी सायकलच्या दांडीवर बसून त्यांच्याबरोबर जायचो. दिवसभर पाटाच्या कडेनं हिंडायचे. कुणाच्या उसाला भेगा पडल्यात, कुठं चारी फुटलीय, कुणाचं भिजून झालंय, सगळं बघायचे, वहीत लिहायचे. आणि एवढ्या हिंडण्यात दार फिरवायचे फार तर तीन-चार वेळा. मी एकदा विचारलं, दारं चारदाच फिरवायची तर एवढं हिंडायचं कशाला? म्हणाले, “बघितल्यानं काही बिघडतं का? सोडलेलं पाणी मागं घेता येतं का?”

तुझ्या त्या पायगिटहब लायब्ररीबद्दल मला जे म्हणायचंय ते जवळपास एवढंच आहे. पण तू इंजिनिअर आहेस, तुला नुसतं पाटाचं उदाहरण देऊन भागायचं नाही.

तरी सुरुवात पाटापासूनच करतो. कालव्याचं पाणी कुणी स्वतः कुदळ मारून घेत नाही. घेतात काही जण, पण त्याला पाणीचोरी म्हणतात. रीत म्हणजे सात नंबरचा फॉर्म भरायचा: गट नंबर, पीक, क्षेत्र, मागची बाकी. खिडकीपलीकडचा माणूस तो वाचतो आणि हो किंवा नाही म्हणतो. एपीआय म्हणजे दुसरं काय? गिटहबच्या आतल्या डेटाबेसला तू हात लावू शकत नाहीस. ठरलेल्या पत्त्यावर ठरलेल्या नमुन्यात अर्ज करायचा. गेट म्हणजे दाखवा, पोस्ट म्हणजे नवीन करा, पॅच म्हणजे बदला, डिलीट म्हणजे काढून टाका. उत्तरादाखल एक आकडा येतो. २०० म्हणजे ठीक, २०१ म्हणजे तयार झालं, ४०१ म्हणजे तुम्ही कोण, ४०४ म्हणजे असं काही सापडत नाही.

या ४०४ वर जरा विश्वास कमी ठेव. खाजगी रेपो बघायचा अधिकार तुझ्या टोकनला, म्हणजे अर्जासोबतच्या ओळखपत्राला, नसेल तर गिटहब ‘परवानगी नाही’ म्हणत नाही, ‘सापडत नाही’ म्हणतं. कारण ‘परवानगी नाही’ म्हटलं की तिथं काहीतरी आहे हे परक्याला कळतं. त्यामुळे ४०४ आला म्हणजे रेपो आधीच कुणीतरी काढला, असं धरून यादीतलं नाव खोडणारी स्क्रिप्ट मी पाहिली आहे. तो रेपो जिथल्या तिथं होता, फक्त टोकन आंधळं होतं.

आता लायब्ररी. तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून अर्ज लिहून देणारे बसतात ना, तसं समज. तू म्हणायचं, ‘माझे रेपो दाखवा’, की तो योग्य पत्ता लिहितो, टोकन जोडतो, आलेलं जेसन फोडून त्यातून रेपो नावाची वस्तू तुझ्या हातात ठेवतो. रुबी, जावास्क्रिप्ट, डॉटनेट यांच्यासाठी गिटहबनं स्वतःची ऑक्टोकिट नावाची लायब्ररी काढली. पायथॉनवाल्यांसाठी लोकांनीच लायब्ररी बांधली. त्यातली पायगिटहब विन्सेंट झाक या गृहस्थानं २०१२ च्या सुमारास सुरू केली आणि आज ती वेगवेगळे लोक मिळून सांभाळतात. गिटलॅब वापरणाऱ्यांसाठी पायथॉन-गिटलॅब आहे. आपण फुकट वापरतो, पण कुणीतरी रात्री जागून लिहिलेलं असतं, एवढं ध्यानात ठेव. त्यात चूक सापडली तर कुरकुर करण्याआधी नीट लिहून कळव.

अर्ज लिहिणारा इतका वाकबगार आहे की त्याचे सगळे अर्ज एकसारखे दिसतात, आणि खरी गोम तिथंच आहे. रेपो, टिंब, डिस्क्रिप्शन. रेपो, टिंब, एडिट. रेपो, टिंब, डिलीट. तिन्ही एकाच अक्षरात, एकाच रांगेत. पहिली ओळ नुसतं बघते, दुसरी बदलते, तिसरी पुसून टाकते. गिटहबच्या संकेतस्थळावर रेपो काढायला गेलीस तर लाल चौकट येते, रेपोचं नाव स्वतःच्या हातानं टाइप करायला लावतात, तोवर माणूस चार क्षण विचार करतो. लायब्ररी काही विचारत नाही. तू म्हणालीस, तिनं केलं. आणि लूपमध्ये असेल तर एकशे चाळीस वेळा केलं, तुझा चहा संपायच्या आत.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की एक स्क्रिप्ट लिहूच नकोस, दोन लिही. पहिली फक्त हिंडणारी. सगळे रेपो बघेल, नाव, शेवटचा पुश, कोण कोण आत आहे, काय करायचा विचार आहे, हे एका फाइलमध्ये लिहील आणि थांबेल. दुसरी स्क्रिप्ट ती फाइल वाचून दारं फिरवेल. मधल्या वेळेत ती फाइल माणसानं वाचायची. लोक एकाच स्क्रिप्टमध्ये ‘ड्राय रन’ नावाचा खटका ठेवतात, तेही चालतं, पण मला ते तितकंसं आवडत नाही. खटका कुठल्या बाजूला आहे हे रात्री अकरा वाजता विसरायला होतं. दोन फाइली असल्या की चूक करायला निदान दोनदा उठावं लागतं.

आणि दोन्हींना टोकनही वेगवेगळं दे. हल्ली गिटहबवर बारीक अधिकारांची टोकन मिळतात: कुठल्या रेपोंवर, काय बघायचं, काय बदलायचं, किती दिवस चालायचं, सगळं निवडता येतं. हिंडणाऱ्या स्क्रिप्टच्या टोकनला फक्त वाचायचा अधिकार ठेव. मग तिच्यात चुकून बदलाची ओळ राहिली तरी खिडकीवरूनच अर्ज परत येईल. जुन्या पद्धतीचं टोकन घ्यायचीच वेळ आली तर त्यात रेपो डिलीट करण्याची चौकट वेगळी असते, ती रिकामी सोड. ‘लागेल कदाचित’ म्हणून सगळ्या चौकटींत टिक मारणं म्हणजे सगळ्या चाऱ्यांच्या किल्ल्या शेजाऱ्याच्या पोराकडे देऊन गावाला जाणं. टोकन कोडमध्ये लिहू नकोस, हे तुला सांगायची गरज नाही. तरी सांगतो, कारण ज्यांना सांगायची गरज नसते तेच लिहितात. गिटहबचं टोकन सार्वजनिक रेपोत सापडलं तर गिटहब ते आपणहून रद्द करतं, ही चांगली सोय आहे. खाजगी रेपोत मात्र त्या भरवशावर राहू नकोस.

आता माझ्या स्वतःच्या फजितीचं सांगतो. तुझ्या आईला हे माहीत नाही, आणि माहीत व्हायची गरजही नाही.

पुण्यात नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. कंपनीचं नाव सोडून दे. एका रेपोत २४० उघडे इश्यू साचले होते, काही तर तीन-तीन वर्षांचे. साहेब म्हणाले, सगळे बंद कर, प्रत्येकाखाली एक ओळ लिही, की जुना झाला म्हणून बंद करतोय, अजून लागत असेल तर पुन्हा उघडा. मी तुझ्यासारखाच, चाळीस ओळी. उघडे इश्यू माग, प्रत्येकाखाली ओळ लिही, बंद कर. चालवलं. शेवटी मोजलं तर १२० बंद, १२० उघडे. बरोबर निम्मे. मला वाटलं नेट गेलं असेल. पुन्हा चालवलं, ६० बंद झाले. पुन्हा, ३०. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की नेट इतकं हिशेबी नसतं.

झालं होतं असं. गिटहब मोठी यादी एकदम देत नाही, पानं करून देतं. आपण वेगळं सांगितलं नाही तर एका पानावर तीस, जास्तीत जास्त शंभर. लायब्ररी पहिलं पान आणते, ते संपलं की मुकाट्यानं दुसरं मागते. तुला वाटतं तू एका अखंड यादीवर चाललीयस. पण मी पहिल्या पानावरचे तीस बंद केले, म्हणजे ते ‘उघड्या’ यादीतून गेले, आणि खालचे तीस सरकून पहिल्या पानावर आले. मी मात्र दुसरं पान मागितलं. ते तीस सुटले. प्रत्येक पानाला तेच. मी चालत होतो तिथली जमीनच मागे सरकत होती.

घरी आलो तेव्हा आजोबांना ही गोष्ट सांगितली, म्हणजे कॉम्प्युटरचं काय समजणार म्हणून पाटाच्या भाषेत सांगितली. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, “वरून कशाला सुरू केलंस? टेलपासून यायचं असतं.” आपल्या कालव्यांवर ‘टेल टू हेड’ म्हणतात ते हेच. पाणी आधी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला, मग वर वर येत धरणाच्या जवळच्याला. वरच्यानं आधी घेतलं की खाली काय उरेल याचा हिशेबच लागत नाही. मी कागदावर मांडून पाहिलं. शेवटच्या पानापासून बंद करत वर आलं तर आधीच्या पानांवरचं काहीच हलत नाही. आणि गंमत म्हणजे पायगिटहबच्या यादीला ‘रिव्हर्स्ड’ म्हणून एक सोय आहे, ती शेवटच्या पानापासूनच सुरू करते. सातवी शिकलेल्या पाटकऱ्यानं सांगितलेला उपाय लायब्ररीत तयार होता.

तरी तू त्याहून सरळ मार्ग धर. आधी सगळी यादी स्वतःच्या हातात घे, ती फाइलमध्ये उतरव, आणि मग त्या फाइलीवरून काम कर. दोन स्क्रिप्टा लिही म्हणालो त्याचं हेही एक कारण.

त्या फजितीचा दुसरा अर्धा भाग अजून बाकी आहे. गिटहबच्या हिशेबी प्रत्येक पुल रिक्वेस्ट हीसुद्धा एक इश्यूच असते. लायब्ररीकडे इश्यू मागितले की त्यात पुल रिक्वेस्टही येतात, निराळं तपासलं तरच कळतात. मला ते माहीत नव्हतं. एका सहकाऱ्याचं तीन आठवड्यांचं चालू काम मी ‘जुना झाला’ असं लिहून बंद केलं. पुन्हा उघडता आलं, पण तो माणूस पुढे महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलला. शिवाय प्रत्येक ओळीची ईमेल त्या त्या इश्यूवर असलेल्या सगळ्यांना गेली. आपण लूप लिहितो तेव्हा पडद्यावर एकच ओळ दिसते, पलीकडे दोनशे माणसांचे फोन वाजत असतात.

आता आवर्तनाचं. इथं सगळ्यांना हवं तेव्हा हवं तेवढं पाणी कधीच नसतं, म्हणून शेजपाळी, म्हणजे कुणाला कधी पाणी याचा ठरलेला क्रम, लागते. गिटहबचंही तसंच. टोकनशिवाय तासाला ६० अर्ज, टोकनासह ५,०००. तुला वाटेल पाच हजार म्हणजे खूप झाले. एकशे चाळीस रेपोंची यादी शंभराच्या पानानं दोन अर्जांत येते, हे खरं. पण त्या यादीत प्रत्येक रेपोची सगळी माहिती नसते. यादीत नसलेली एखादी गोष्ट तू विचारलीस, समजा किती जण लक्ष ठेवून आहेत, की लायब्ररी गुपचूप त्या रेपोसाठी वेगळा अर्ज करते. झाले एकशे चाळीस. मग प्रत्येकाच्या ब्रँचा, प्रत्येक ब्रँचचा शेवटचा कमिट, प्रत्येकातली माणसं. एकात एक लूप गुंतवलेस की हजार कधी ओलांडले ते कळत नाही. सुरुवातीला आणि शेवटी शिल्लक कोटा छापत जा, लायब्ररी विचारलं की सांगते.

लिहिण्याचे नियम याहून कडक. काही नवीन निर्माण करणारे अर्ज साधारणपणे मिनिटाला ८० आणि तासाला ५०० च्या वर गेले की गिटहब हात वर करतं, मग तुझे पाच हजारांपैकी चार हजार शिल्लक का असेनात. नव्या पायगिटहबमध्ये दोन बदलांमध्ये एक सेकंद थांबायची सवय आधीच घातलेली आहे. ‘फारच हळू चाललंय’ म्हणून ती काढू नकोस. २०२१ च्या मे महिन्यात कोविनवर लशीचा स्लॉट शोधायला निम्म्या महाराष्ट्रातल्या पोरांनी स्क्रिप्टा लिहिल्या होत्या. तिथं एका पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० अर्जांची मर्यादा होती. मीही आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी एक लिहिली होती आणि पहिल्याच दिवशी अडकलो, कारण दर सेकंदाला विचारत होतो. तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर दिवसभर सुरळीत चालली.

आणि मध्येच अडकलं तर? समजा साठ रेपोंवर काम झालं आणि एकसष्टाव्याला स्क्रिप्ट पडली. पुन्हा पहिल्यापासून चालवलीस तर पहिल्या साठांचं काय होईल? आजोबांच्या वहीत प्रत्येक गटापुढे तारीख आणि वेळ असायची. वही बघून कुणीही दुसरा पाटकरी पुढचं दार उघडू शकायचा. तुझ्या स्क्रिप्टची अशी वही असू दे. आणि बदल करण्याआधी विचारायचं, हे आधीच झालंय का? झालं असेल तर पुढे जायचं.

आता तुझ्या कामाचा जो खरा कठीण भाग आहे, त्यात लायब्ररीचा काही संबंध नाही. तुझ्या साहेबांनी म्हटलंय, दोन वर्षांत हात न लागलेले रेपो काढून टाक. तू शेवटच्या पुशची तारीख बघशील. ‘अपडेटेड ॲट’ बघू नकोस, ती नुसतं वर्णन बदललं तरी बदलते. ‘पुश्ड ॲट’ बघ. तारखा ग्रीनिच वेळेत येतात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, हेही धर. पण एवढं करूनही ती तारीख फक्त हे सांगते की कोडला हात कधी लागला. ते कोड कुठं चालतंय का, हे सांगत नाही. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. शेवटचा पुश बघून त्याला कुणी जुनं ठरवलं असतं तर आपल्या तालुक्यात ऊस दिसला नसता. तुमच्याकडेही असा एखादा रेपो असणार, कुठल्यातरी गिऱ्हाईकाच्या वजनकाट्यावर चार वर्षं बिनबोभाट चालणारा, आणि बिनबोभाट चालतो म्हणूनच कुणी हात न लावलेला. उलट एखाद्या मेलेल्या रेपोत बॉट दर आठवड्याला आवृत्त्या वाढवून पुश करत असेल, तो यादीत तरुण दिसेल. यादीतल्या प्रत्येक नावापुढे एका माणसाचं नाव लिही आणि त्याला विचार. याला चाळीस ओळी लागत नाहीत, फोन लागतात.

नावांवरून आठवलं. तू पहिल्यांदा एकटी रेल्वेनं आली होतीस तेव्हा श्रीरामपूरचं तिकीट शोधत बसली होतीस आणि आपल्या स्टेशनचं नाव बेलापूर आहे हे पाहून गोंधळली होतीस. नवी मुंबईतही एक बेलापूर आहे. रेपोंचंही असंच असतं, ‘बॅकएंड’ नावाचे दहा निघतील. म्हणून लायब्ररी मालकाच्या नावासकट पूर्ण नाव मागते. ते टाळायला पळवाटा काढू नकोस. नाव बदललंस तर गिटहब जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्याकडे पाठवतं, जसं अहमदनगर लिहिलेलं पत्र अजून अहिल्यानगरला पोचतं. पण जुन्या नावानं कुणी नवा रेपो काढला की ती वाट बंद. तुझ्या वहीत नावाबरोबर रेपोचा क्रमांकही लिही, नाव बदललं तरी तो बदलत नाही.

काढून टाकण्याऐवजी अर्काइव्ह कर. रेपो वाचता येतो, बदलता येत नाही, आणि वाटलं तर परत उघडता येतो. वर्णनात ‘बंद, अमुक कारणानं’ असं लिहायचं असेल तर ते आधी लिही आणि मग अर्काइव्ह कर. उलटं केलंस तर रेपो वर्णन बदलू देणार नाही आणि तुझी स्क्रिप्ट तिथंच आपटेल. डिलीट केलेला रेपो नव्वद दिवसांत परत आणता येतो असं कुणी सांगेल. बऱ्याचदा येतो. पण रिलीझबरोबर जोडलेल्या फाइली परत येत नाहीत, टीमचे अधिकार परत येत नाहीत, आणि ज्याचे फोर्क आहेत त्याचं काही सांगता येत नाही. खाजगी रेपो काढला तर त्याचे फोर्कही त्याच्याबरोबर जातात.

सोडून गेलेल्या माणसांची नावं काढायचीत, हेही तू म्हणाली होतीस. काढायलाच हवीत. पण खाजगी रेपोतून माणूस काढला की त्याचा त्या रेपोचा फोर्कही पुसला जातो. नोटीस पिरियडात कुणी फोर्कमध्ये काम ठेवून गेलं असेल तर ते कंपनीचंच काम असतं. आधी बघ. आणि ज्या स्क्रिप्टा कुण्या एका माणसाच्या टोकनवर रोज रात्री चालतात त्या तो माणूस काढल्याच्या रात्री बंद पडतील, ती यादीही वेगळी कर.

लायब्ररीची आवृत्ती ठरवून, फाइलीत लिहून ठेव. माझी एक जुनी स्क्रिप्ट आवृत्ती २ आल्यावर तारखांवरून बिघडली, कारण नव्या आवृत्तीत तारखांना टाइमझोन चिकटून यायला लागला आणि माझ्या साध्या तारखेशी त्याची तुलनाच होईना. ती बिघडली हे बरंच झालं. न बिघडता चुकीची तुलना झाली असती तर मला कळलंही नसतं.

पुष्कळ लिहिलं. तुझी मामी म्हणतेय, पोरीनं एक वाक्य विचारलं आणि तुम्ही पोथी लिहिली. तू तर विचारलंही नव्हतंस.

पुढच्या शनिवारी येणार आहेस असं आई म्हणाली. लॅपटॉप आण. त्याआधी फक्त पहिली, हिंडणारी स्क्रिप्ट चालव, वाचायच्याच टोकननं. दुसरी लिहू नकोस अजून. आणि एकशे चाळीस नावांची यादी कागदावर छापून आण, स्टेपल करून. जेवण झाल्यावर ओट्यावर बसून आपण एकेक नाव वाचू.

तुझा,
मामा